चमच्यात मावेल तेवढंच: प्री-वर्कआउटवरचे तुमचे प्रश्न

गेल्या अंकात प्रोटीन पावडरवर लिहिलं, आणि नंतर जे मेसेज आले त्यातले बरेचसे प्रोटीनचे नव्हतेच, प्री-वर्कआउटचे होते. जिमला जायच्या अर्धा तास आधी पाण्यात ढवळून प्यायची ती रंगीत आंबटगोड पावडर, लालबागपासून विरारपर्यंत आता प्रत्येक जिमच्या काउंटरवर तिचे डबे रचलेले असतात. म्हणून हा अंक सगळा तिच्यावरच. नावं गाळली आहेत.

ताई, माझं वय २४, वजन ६२ किलो, राहतो लालबागला, नोकरी अंधेरीला. जिमच्या सरांनी एक डबा घ्यायला लावला. रात्री साडेआठला जिमच्या आधी एक स्कूप घेतो. पंधरा मिनिटांत कान, गाल, हाताची बोटं यांना मुंग्या येतात, सर म्हणतात माल असली आहे, लागतोय. मागे असं लिहिलंय: एक स्कूप १० ग्रॅम. एक्स्ट्रीम पंप मॅट्रिक्स ५२०० मिग्रॅ, त्यात सिट्रुलिन मॅलेट, बीटा-अलॅनिन, क्रिएटिन मोनोहायड्रेट, टॉरिन, आर्जिनिन, टायरोसिन. कॅफिन ३०० मिग्रॅ. ग्वाराना अर्क. डोस बरोबर आहे का? आणि हल्ली दोन-अडीचपर्यंत झोप येत नाही, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

मागची बाजू जशीच्या तशी टाइप करून पाठवलीस हे फार बरं केलंस, बाकीच्यांनी नुसता डब्याच्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवला होता आणि पुढच्या बाजूवर कामाचं काहीच नसतं.

आधी झोपेचं बोलू, कारण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. कॅफिन पोटात गेलं की त्यातलं अर्धं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला तीन, कुणाला सात, पण आपण पाच धरू. म्हणजे साडेआठला ३०० घेतलंस तर रात्री दीड वाजता तुझ्या अंगात अजून १५० आहे, आणि घरी आपण चमचाभर इन्स्टंट कॉफी घालून कप करतो त्यात साधारण ६० असतं, म्हणजे दीड वाजता तू अडीच कप कॉफी पिऊन गादीवर आडवा झालायस असं समज, मग डोळा कसा लागणार. सकाळी साडेसहाला उठायची वेळ होते तेव्हाही ७५ शिल्लक आहेच. मग अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी अंग जड, म्हणून परत स्कूप, म्हणून परत जागरण.

कॅफिन वाईट आहे असं मी म्हणत नाही, उलट या डब्यांमध्ये ज्याचा परिणाम सगळ्यात पक्का माहीत आहे ते तेच. दिवसभर मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं, थकवा त्याच्यामुळे जाणवतो, आणि कॅफिन काय करतं तर लोकलमध्ये रुमाल टाकून सीट अडवतात तशी त्या ॲडेनोसिनची जागा आधीच अडवून बसतं. थकवा गेलेला नसतो, कळत नसतो एवढंच. व्यायामासाठी वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलिग्रॅम असा हिशोब धरतात, तुझ्या ६२ किलोला ३ ने १८६ होतात आणि खालच्या टोकालाही फायदा मिळतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली निरोगी मोठ्या माणसासाठी एका वेळी २०० आणि दिवसभरात मिळून ४०० पर्यंत ठीक असं सांगितलंय. तुझं एका वेळीच ३००, वर ग्वाराना, आणि ग्वारानाच्या बिया म्हणजे परत कॅफिनच, फक्त त्याचा आकडा डब्यावर नाही. ऑफिसात कटिंग चहा किती होतात ते तू लिहिलं नाहीस, एका कटिंगचे वीस-पंचवीस धर, चार कटिंगचे शंभर. एवढे होत असतील तर चारशेची रेघ तू ओलांडतोयस.

आता मॅट्रिक्स. मॅट्रिक्स, ब्लेंड, कॉम्प्लेक्स, नाव काहीही असो, अर्थ एकच, की सहा गोष्टी एकत्र करून फक्त एकूण वजन सांगितलंय, कुठली किती ते सांगितलेलं नाही. पण तरीही आपल्याला बरंच कळू शकतं, वही-पेन घे. सिट्रुलिन मॅलेटचा अभ्यासांमध्ये वापरलेला डोस ६ ते ८ ग्रॅम. बीटा-अलॅनिन दिवसाला किमान ३.२ ग्रॅम. क्रिएटिन ३ ते ५ ग्रॅम. तिघांचे कमीत कमी आकडे घेतले तरी ६ अधिक ३.२ अधिक ३ म्हणजे १२.२ ग्रॅम होतात, आणि तुझा अख्खा मॅट्रिक्स ५.२ ग्रॅमचा, अख्खा स्कूपच १० चा. मावणारच नाही. यात कुठलंही शास्त्र लागत नाही, बेरीज लागते.

अजून एक. घटक लिहिताना वजनाने जास्त असलेला आधी, मग कमी, असा क्रम असतो. म्हणजे यादीत दुसरा असलेला घटक एकूण वजनाच्या निम्म्याच्या वर जाऊच शकत नाही आणि तिसरा एक तृतीयांशाच्या वर जाऊ शकत नाही. तुझ्या डब्यात बीटा-अलॅनिन दुसरं, म्हणजे काहीही झालं तरी २६०० मिलिग्रॅमच्या आत. क्रिएटिन तिसरं, म्हणजे १७३३ च्या आत. आणि हे कमाल आकडे, सहा जण वाटेकरी असताना प्रत्यक्षात याच्याहून कमीच असणार. कंपनीने आकडे लपवले तरी ही वरची मर्यादा लपत नाही. कुठलाही ब्लेंडवाला डबा हातात आला की दुकानातच मोबाइलवर हा भागाकार करून बघ.

मुंग्यांचं. त्या बीटा-अलॅनिनच्या आहेत, त्वचेखालच्या नसा त्याने चेतवल्या जातात, तास-दीड तासात जातात, इजा काही नाही. पण सर म्हणतात तसा तो माल लागल्याचा पुरावा नाही. एकदम ८०० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं तरी बऱ्याच जणांना मुंग्या येतात, आणि पुरा डोस तर त्याच्या चौपट आहे, म्हणजे कंपनीने थोडंसंच घातलं तरी तुला काहीतरी जोरदार चालू आहे असं वाटणार. मुळात बीटा-अलॅनिन त्या दिवशीच्या सेटला कामच करत नाही. ते रोज घेतलं, सुट्टीच्या दिवशीही घेतलं, की दोन ते चार आठवड्यांत स्नायूंमध्ये कार्नोसिन, म्हणजे आम्लता थोपवणारं द्रव्य, वाढतं आणि मग जोराच्या कामात स्नायू लवकर आंबत नाहीत. आठवड्यातून चार दिवस जिमच्या आधी एक स्कूप घेऊन ते साठत नाही.

क्रिएटिनचंही तसंच, कधी घेतलं याने फरक पडत नाही, रोज घेतलं का याने पडतो. साधी बिनवासाची क्रिएटिन मोनोहायड्रेट वेगळी मिळते, २५० ग्रॅमचा डबा रोज ३ ग्रॅमने ८३ दिवस जातो. ती भातावरच्या वरणासोबत घेतलीस तरी चालते. फक्त रक्ततपासणी करशील तेव्हा डॉक्टरांना सांग, कारण किडनीसाठी बघतात तो क्रिएटिनिनचा आकडा त्याने थोडा वर दिसू शकतो आणि किडनीचं काहीतरी झालं म्हणून घरात उगाच घबराट होते.

बाकी तिघांसाठी फार थांबत नाही. आर्जिनिन घालतात रक्तवाहिन्या सैल करायला, पण तोंडाने घेतलं तर बरंचसं आतड्यात आणि यकृतातच संपतं, म्हणून तर लोक सिट्रुलिनकडे वळले, आणि सिट्रुलिनबद्दलही अभ्यास एकसारखं सांगत नाहीत, काहींत दोन-तीन रेप्स जास्त, काहींत काहीच नाही. टॉरिन आणि टायरोसिन एवढ्याशा वाट्यात असून नसून सारखे.

आता एक गोष्ट घरी करून बघ. मी माझ्या स्वयंपाकघरातल्या केकच्या काट्यावर असाच एका डब्यातला स्कूप मोजला होता, लेबलवर वजन १२ ग्रॅम. हलक्या हाताने भरून वरून सुरीने सपाट केला तर १२ आले. दाबून भरला तर १५. आणि जिममध्ये भरतात तसा शिगोशीग भरला तर १६.५. म्हणजे लेबलवर कॅफिन २०० असेल तर शिगोशीग स्कूपमध्ये २७५ जातं, आणि माणूस मात्र सगळ्यांना सांगतो की मी एकच स्कूप घेतो. जून ते सप्टेंबर तर मुंबईच्या हवेत ही पावडर दगड होते, मग ती सुरीने फोडून अंदाजाने घालायची, तेव्हा तर काट्याशिवाय घेऊच नये.

तुला सांगायचं तर हा डबा संध्याकाळी बंद कर. रात्री साडेआठच्या जिमला कॅफिनची जागाच नाही. अंधेरीहून निघताना एक केळं आणि मूठभर चणे-शेंगदाणे खा, पाणी पी, कारण त्या गर्दीत तासभर घाम गाळून तू उतरतोस तेव्हा थकव्यातला काही भाग पाणी कमी पडल्याचा असतो. रविवारी सकाळी व्यायाम केलास तर एक-दोन कप कॉफी घे. आणि रोज कॅफिन घ्यायची सवय झाली असेल तर एकदम सोडू नकोस, डोकं दुखतं, आठवडाभर निम्मं कर आणि मग थांब.

मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला, डोंबिवली. मित्रांच्या नादाने प्री-वर्कआउट पावडर कोरडीच तोंडात टाकतो आणि वरून पाण्याचा घोट घेतो. व्हिडिओत बघितलं म्हणतो. मी ओरडले तर म्हणतो आई तुला कळत नाही, हे स्ट्रॉंग लागतं. काय करू?

तुम्हाला अगदी बरोबर कळतंय. कोरडी पावडर तोंडात टाकली आणि त्याच वेळी श्वास आत ओढला गेला तर ती घशातून श्वासनलिकेत जाते, जोराचा ठसका लागतो, फुप्फुसात गेली तर प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जाऊ शकतं. दुसरं म्हणजे ग्लासभर पाण्यातून वीस मिनिटांत पोटात जाणारं कॅफिन एका क्षणात जातं, काळजात धडधड होते, हात थरथरतात, आणि मुलं त्यालाच स्ट्रॉंग लागलं म्हणतात. धडधड म्हणजे ताकद नव्हे, हे त्याला शांतपणे सांगा.

अठराच्या आतल्या मुलांसाठी माझं उत्तर एकच आहे, प्री-वर्कआउट नको. पाण्यात ढवळूनही नको. बहुतेक डब्यांवर तसं छापलेलंही असतं, त्याच्याच हातात डबा देऊन ती ओळ त्याला वाचायला लावा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११ मध्येच सांगितलंय की उत्तेजकं असलेल्या एनर्जी ड्रिंक्सना मुलांच्या आहारात जागाच नाही, आणि यातल्या काही डब्यांच्या एका स्कूपमध्ये एनर्जी ड्रिंकच्या एका कॅनच्या तिप्पट-चौपट कॅफिन असतं. २५० मिलीच्या कॅनमध्ये साधारण ८० आणि काही स्कूपमध्ये ३००, हा फरक त्याला कागदावर लिहून दाखवा, या वयाची मुलं आकड्याला मान देतात, ओरडण्याला देत नाहीत.

आणि व्यायाम मात्र बंद करू नका हो. तो जिमला जातोय हे चांगलंच आहे. क्लासवरून येऊन सरळ जिमला पळत असेल तर दुपारच्या डब्यानंतर पोटात काहीच नसतं, म्हणून त्याला ती पावडर चमत्कार वाटते. त्याच्या बॅगेत दोन केळी किंवा शेंगदाण्याचा लाडू टाकून द्या, घरी येत असेल तर वाटीभर पोहे. आठ दिवसांनी त्यालाच विचारा काही फरक वाटतो का. कधी छातीत दुखलं, चक्कर आली किंवा धडधड थांबेना तर मात्र वाट बघू नका, सरळ डॉक्टर, आणि जाताना डबा सोबत घेऊन जा.

मी पोलीस भरतीची तयारी करतेय, विरार. ८०० मीटरला शेवटच्या दोनशेत पाय अगदी दगड होतात. ग्रुपमधल्या मुली प्री-वर्कआउट घेतात. मी घेऊ का? भरतीच्या दिवशी डबल घेतलं तर?

डबल अजिबात नको, आणि भरतीच्या दिवशी पहिल्यांदा तर काहीच नको. तू लिहिलंयस ते पाय दगड होणं, ते जोरात पळताना स्नायूंत आम्लता वाढल्याचं आहे, आणि गंमत बघ, बीटा-अलॅनिन ज्या कामाला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते एक ते चार मिनिटांचं जोराचं काम, म्हणजे तुझं ८०० मीटरच. बाइसेप मारणाऱ्यांपेक्षा ते तुझ्या कामाचं जास्त आहे. पण ते प्री-वर्कआउटच्या डब्यातून घेऊ नकोस, सुटं बीटा-अलॅनिन घे, दिवसाला ३.२ ग्रॅम, सकाळच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत निम्मं निम्मं, म्हणजे मुंग्याही कमी येतील. मैदानी चाचणीच्या निदान चार आठवडे आधी सुरू कर, आठवडाभर आधी सुरू करून पैसे वाया जातील. आणि फरक किती, तर थोडासा. शेवटच्या दोनशेत पाय थोडे उशिरा जड होतील, ते हलके करायचं काम तुझ्या तीनशे-चारशे मीटरच्या रिपीट्सनीच, म्हणजे ते अंतर परत परत पळण्यानेच होणार, पावडर त्या रिपीट्स तुझ्याऐवजी मारणार नाही.

कॅफिन घ्यायचंच असेल तर आधी सरावाला तीन-चार वेळा घेऊन बघ, एक कप कडक कॉफी, पळायच्या पाऊण-एक तास आधी. कारण काही जणींना त्याने पोट बिघडतं, काहींना हात कापतात, आणि भरतीच्या मैदानात पहाटेपासून रांगेत उभं राहायचं, नंबर कधी येईल याची खात्री नाही, त्यात गोळाही टाकायचा असतो, थरथरत्या हाताने गोळा जात नाही. दुहेरी डोसाबद्दल एवढं लक्षात ठेव, अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या अंदाजाने १२०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन थोड्या वेळात गेलं तर फिट येऊ शकते. ३००-३५० चा डबल स्कूप, रांगेत एनर्जी ड्रिंकचे दोन कॅन, झोप येऊ नये म्हणून रात्रीची कॉफी, बेरीज कुठे जाते बघ. आणि सुटी कॅफिन पावडर ऑनलाइन मिळते ती तर घरातसुद्धा आणू नकोस, एका चहाच्या चमच्यात तीन ग्रॅमच्या आसपास मावते, मोजण्यात जराशी चूक झाली की जिवाशी खेळ.

वय ५२, बीपीची गोळी चालू, गिरगाव. जिममध्ये कॅफिन नसलेलं प्री-वर्कआउट घ्या म्हणतात, ते तरी चालेल ना?

काका, तुमच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय तेही नको. कॅफिन, सिनेफ्रिन म्हणजे कडू संत्र्याचा अर्क, योहिंबिन, ही बीपी आणि धडधड वाढवणारी, ती तर सरळ नाहीच. पण बिनकॅफिनच्या डब्यात सिट्रुलिन किंवा बिटाचं नायट्रेट असतं, ते रक्तवाहिन्या सैल करतं, बीपीच्या गोळीसोबत ते जास्त खाली जाऊ शकतं, आणि छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर जास्तच जपायला हवं. डब्याच्या मागचा फोटो काढा आणि पुढच्या तपासणीला दाखवा. तोवर व्यायामाआधी दहा मिनिटं सावकाश चाला, तुमच्या वयाला तेवढा वॉर्मअप कुठल्याही स्कूपपेक्षा जास्त काम करतो.

मी कबड्डी खेळतो, प्रभादेवी. राज्याच्या निवड चाचणीला नाव आहे. डोपिंगमध्ये अडकेन अशी भीती वाटते. लेबलवर काय बघू?

भीती वाटतेय हे चांगलं लक्षण आहे, कारण नियम असा आहे की तुझ्या नमुन्यात जे सापडेल त्याला तूच जबाबदार, माहीत नव्हतं किंवा सरांनी दिलं हे चालत नाही. कॅफिनची काळजी नको, ते २००४ पासून बंदीच्या यादीत नाही. क्रिएटिन, बीटा-अलॅनिन, सिट्रुलिन यांवरही बंदी नाही. लेबलवर शोधायचं ते डीएमएए, त्यालाच १,३-डायमिथाइलअमायलअमाइन म्हणतात, मिथाइलहेक्सानामाइन म्हणतात, आणि कधी कधी जेरेनियमचा अर्क असं साळसूद नाव घालून येतं. वाचायला फूल वाटतं, पण आहे उत्तेजक. दुसरं हिजेनामाइन, तेही वनस्पतीतलं म्हणून खपवतात आणि तेही यादीत आहे. एक नाव जरी दिसलं तरी डबा परत.

पण लेबलवर नसलेलंही डब्यात असू शकतं, खरी अडचण ती आहे. म्हणून खेळाडूने ब्लेंडवाला डबा घेऊच नये, आणि घ्यायचंच तर इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखी तपासणी झालेला, तोही तुझ्या डब्याचा बॅच नंबर त्यांच्या साइटवर सापडतो का ते स्वतः टाकून बघून. नुसता शिक्का छापायला काही लागत नाही. एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना नंबर असला पाहिजे, बाहेरून आलेला माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं लेबल पाहिजे, पण हे दोन्ही असणं म्हणजे डोपिंगची चाचणी झाली असं नव्हे, ते वेगळं आणि हे वेगळं. स्टेशनबाहेर सुट्या पुडीत किंवा सील उघडलेल्या डब्यातून मिळतं ते हातात पण धरू नकोस, आणि कुणी विकताना दिसलं तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार कर, त्यांचं मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातच आहे.

तुझ्या खेळाचं म्हणशील तर रेड ३० सेकंदांची, मध्ये श्वास घ्यायला वेळ, परत स्फोट, याला साधं क्रिएटिन सगळ्यात जास्त शोभतं, रोज ३ ते ५ ग्रॅम. फक्त त्याने अंगात पाणी धरून वजन किलोभर वाढू शकतं, आणि तुमच्याकडे वजनाची मर्यादा असते तिथे ते महागात पडतं, म्हणून चाचणीच्या वजनाला किती फट आहे ते बघून ठरव. जे घेशील त्याच्या डब्याचा सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेव, बॅच नंबर दिसेल असा, बिल जपून ठेव, आणि तळाशी दोन चमचे पावडर शिल्लक ठेवून डबा मोसम संपेपर्यंत फेकू नकोस.